ॲडम्सचे आरसे आणि सिन्नरचे ऊन

सूर्याच्या उष्णतेचा उपयोग हा विसाव्या शतकातील तेलटंचाईने शिकविलेला धडा होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. १८७८ मध्ये मुंबईच्या कुलाब्यात केवळ उन्हावर वाफेचे इंजिन चालले होते. ते चालविणारे विल्यम ॲडम्स हे व्यवसायाने अभियंते नव्हते. ते उच्च न्यायालयाचे उपनिबंधक होते.

फ्रान्समधील गणिताचे अध्यापक ऑगस्तँ मुशो यांनी शंकूच्या आकाराच्या परावर्तकाने पाण्याची वाफ करून दाखविली होती. परंतु चांदीचा मुलामा दिलेला तो परावर्तक महाग होता आणि लवकर निस्तेज होई. ॲडम्स यांनी त्याऐवजी साधे, लहान, सपाट आरसे घेतले. ते एका चौकटीत बसविले आणि ती चौकट बाष्पकाभोवती अर्धवर्तुळाकार मार्गावर फिरती ठेवली. सूर्य सरके तशी चौकट सरकवायची, एवढेच काम. त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन दोन आठवडे चालले व त्याने पंप फिरविला. त्यांच्या सौरचुलीवर सात सैनिकांचे जेवण दोन तासांत शिजले. या विषयावरील त्यांच्या ग्रंथास ससून संस्थेचे सुवर्णपदकही मिळाले. आज जगभर दिसणाऱ्या सौरमनोऱ्यांचे मूळ या रचनेत आहे.

या प्रयोगाचे महत्त्व पाण्याच्या प्रश्नाशी निगडित होते. मुंबई इलाख्याच्या अखत्यारीतील एडन बंदरात त्या काळी समुद्राचे पाणी उकळून, वाफ थंड करून पिण्यायोग्य केले जाई. आणि त्यासाठी समुद्रमार्गे आणलेला कोळसा जाळावा लागे. उलट चिलीच्या वाळवंटात चार्ल्स विल्सन यांनी १८७२ मध्ये काचेच्या उतरत्या छपरांखाली खारे पाणी केवळ उन्हाने तापवून दररोज सुमारे २२,५०० लिटर गोडे पाणी मिळविले होते. एडनचे ऊन काही त्याहून मंद नव्हते!

ॲडम्स यांचे काम मात्र त्यांच्याबरोबरच थांबले. ते पुढे नेणारी संस्था नव्हती, आणि कोळसा दिवसेंदिवस सुलभ होत गेला. प्रयोग यशस्वी होणे आणि तो लोकांच्या उपयोगी पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेल्या सिन्नरने हे ध्यानी घेतले पाहिजे. तालुक्याच्या पूर्व भागात उन्हाळ्यात विहिरी आटतात, टँकरची वाट पाहावी लागते. याच तालुक्यात १,३५० मेगावॅटचे कोळशावरील वीजकेंद्र उभारले गेले आणि वीजखरेदीच्या कराराअभावी वर्षानुवर्षे थंड राहिले. ऊन पाणी निर्माण करीत नाही हे खरे. परंतु ते पाणी उपसू शकते आणि जेथे ते मचूळ असेल तेथे शुद्धही करू शकते. लहान प्रमाणात, गावाच्या हाती राहील अशा साधनांनी हे साधणारे आहे. न्यायालयातील एका अधिकाऱ्याने सपाट आरशांनी जे सिद्ध केले, ते दीडशे वर्षांनंतरही गावकुसापर्यंत पोहोचू नये, हा दोष सूर्याचा नव्हे.