पाण्याच्या धारेत प्रकाश वळवणारा जॉन टिंडल

पाण्यात चार थेंब दूध घालून टॉर्च लावला की किरणाची वाट दिसते. यास टिंडल परिणाम म्हणतात, हे तुम्ही शाळेत शिकता. पण हा टिंडल कोण, हे फारसे कोणी सांगत नाही.

जॉन टिंडलचा जन्म 1820 साली आयर्लंडच्या कार्लो परगण्यात झाला. वडील पोलीस शिपाई, जोडीला जोड्यांचा धंदा, मिळकत बेताची. घराणे प्रोटेस्टंट, पण गणित उत्तम शिकवणारे मास्तर कॅथॉलिक होते, म्हणून वडिलांनी मुलाला त्यांच्याकडेच घातले. पालकहो, त्या काळच्या आयर्लंडात ही साधी गोष्ट नव्हती.

त्या भूमितीच्या बळावर त्याला जमीनमोजणी खात्यात नोकरी लागली. पगार तुटपुंजा. सहकाऱ्यांसह त्याविरुद्ध आवाज उठवला म्हणून 1843 मध्ये कामावरून काढले. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या घरांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. पुढे रेल्वेची मोजणी केली, शाळेत शिकवले आणि 1848 मध्ये गाठीची शिल्लक घेऊन तो जर्मनीत मारबुर्ग विद्यापीठात दाखल झाला. वय 28! दोन वर्षांत डॉक्टरेट मिळवली. 1853 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, थोर फॅरडेच्या शेजारी, तो प्राध्यापक झाला.

पुढच्याच वर्षी त्याने श्रोत्यांना नवल दाखवले. टाकीच्या भोकातून पडणाऱ्या पाण्याच्या धारेत प्रकाश सोडला, तर तो धारेबरोबरच वाकत खाली गेला! धारेच्या कडेवर तिरपा आदळलेला किरण पुन्हा आतच परततो, म्हणून असे होते. खरे तर जिनिव्हाच्या कोलाडॉनने हे 1842 मध्येच प्रसिद्ध केले होते. श्रेय मात्र पुष्कळ वर्षे टिंडलकडे राहिले.

आज धारेच्या जागी केसासारखा काचतंतू आहे आणि दिव्याच्या जागी मोहरीहून लहान लेसर. काचेत सर्वांत कमी विरणारा, सुमारे 1550 नॅनोमीटरचा अदृश्य प्रकाश तो देतो. सेकंदाला अब्जावधी वेळा कमीजास्त होत तोच आपले बोलणे दूरवर नेतो. देशातील अशी पहिली टेलिफोन जोडणी 1979 साली पुण्यातच झाली. तुमच्या परिचयाची पिंपरीची फिनोलेक्स केबल्स या तंतूंच्या केबलही बनवते.

टिंडल 1872 मध्ये अमेरिकेत व्याख्यानांना गेला. खर्च वजा जाता उरलेले 13,000 डॉलर त्याने घरी नेले नाहीत; तिथल्याच विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवले. 1885 पर्यंत ती रक्कम दुपटीहून वाढली आणि हार्वर्ड, कोलंबिया व पेनसिल्व्हानिया विद्यापीठांत तिच्या शिष्यवृत्त्या झाल्या. 1893 मध्ये पत्नीच्या हातून चुकून भलतेच औषध दिले गेले आणि त्याचा अंत झाला.