चुकांना शिस्त लावणारा गणिती

मोबाइलच्या पडद्यावर आपले ठिकाण उमटते ते उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांमुळे. त्या संदेशांतील चुका सावरून घेणारे गणित मात्र पहिल्या उपग्रहाहून सुमारे दीडशे वर्षांनी जुने आहे. त्याचा पाया घालणाऱ्यांत कार्ल फ्रीडरिश गाऊस यांचे नाव अग्रणी आहे.

३० एप्रिल १७७७ रोजी जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे एका गरीब कुटुंबात गाऊस यांचा जन्म झाला. मुलाची असामान्य बुद्धी पाहून तेथील ड्यूकने त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतील पालेर्मो येथे पियाझी यांना सेरेस हा लघुग्रह दिसला. पण सहा आठवड्यांतच तो सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला. हाती आलेल्या तुटपुंज्या नोंदींवरून २४ वर्षांच्या गाऊस यांनी त्याची कक्षा मांडली आणि वर्षअखेरीस सेरेस त्या गणिताच्या आधारे पुन्हा सापडला.

कोणतेही मोजमाप पूर्णतः अचूक नसते. म्हणून सर्व नोंदी विचारात घ्याव्यात आणि त्यांच्याशी राहणाऱ्या फरकांच्या वर्गांची बेरीज किमान होईल असे उत्तर निवडावे, हे ‘किमान वर्ग’ पद्धतीचे सार. फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १८०५ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध केली. १८०९ च्या ग्रंथात गाऊस यांनी आपण ती १७९५ पासून वापरत असल्याचे नमूद केले, तेव्हा लजांद्र कमालीचे दुखावले. परिपूर्ण झाल्याखेरीज काही छापायचे नाही, हा गाऊस यांचा बाणा या कटुतेस कारणीभूत ठरला. मात्र या पद्धतीला संभाव्यतेचा आधार देण्याचे श्रेय त्यांचेच. नवी नोंद हाती आल्यावर सारे गणित पुन्हा न करता जुने उत्तर कसे सुधारावे, हेही त्यांनी १८२० च्या दशकात दाखवले.

त्याच दशकात हॅनोव्हर राज्याच्या भूमापनासाठी ते स्वतः रानोमाळ हिंडले. सूर्यकिरण आरशाने दूरवर परावर्तित करणारे ‘हेलियोट्रोप’ हे उपकरण त्यांनी याच कामासाठी १८२१ मध्ये तयार केले. २३ फेब्रुवारी १८५५ रोजी गटिंगेन येथे त्यांचे निधन झाले.

आजच्या उपग्रह-ग्राहकापुढे चार अज्ञात राशी असतात : स्थानाचे तीन निर्देशांक आणि स्वतःच्या घड्याळाची चूक. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले, तरी अंतर सुमारे ३०० मीटरने चुकते. त्यामुळे किमान चार उपग्रह लागतात. अधिक उपग्रह दिसले की वातावरणाने विलंबित केलेले आणि इमारतींवरून परतलेले संदेश एकमेकांशी जुळत नाहीत. अशा वेळी भरवशाच्या संदेशाला अधिक वजन देऊन किमान वर्गांचे गणित मांडले जाते. गजबजलेल्या शहरात नेमका रस्ता सापडतो तो दोन शतकांपूर्वीच्या या पद्धतीच्या बळावर.