आजचे काम आपले, उद्याची काळजी देवाची : पंडिता रमाबाई

हैदराबादहून पुण्याला जाताना वाटेत वाडी, गुलबर्गा, सोलापूर, दौंड ही स्टेशने लागतात, हे आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. दौंड सोडले की डब्यात उतरण्याची गडबड सुरू होते. कोणी चादरींच्या घड्या घालतो, कोणी पिशव्या मोजतो. याच गडबडीत केडगाव नावाचे एक लहानसे स्टेशन मागे पडते. आमच्या घरातली माणसे तीन पिढ्या याच मार्गाने गावी जात-येत आहेत, पण केडगावला काय आहे हे आम्हीही बरीच वर्षे कधी विचारले नाही. आमच्या आजीच्या तोंडी पंडिता रमाबाईंचे नाव यायचे ते नाराजीनेच. एवढ्या मोठ्या शास्त्र्याची मुलगी बाटली, यापुढे त्यांच्याविषयी घरात कोणी काही बोलत नसे.

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत एका ख्रिस्ती बाईंचे चरित्र कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आम्हालाही लिहायला बसताना क्षणभर तसे वाटले. पण गणपती ही विद्येची देवता आहे, आणि ज्या बाईला कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती ही पदवी दिली, तिची आठवण त्याच्यापुढे काढायला हरकत नसावी. शिवाय देवावर विश्वास ठेवून रोजचा दिवस कसा जगावा, हा प्रश्न कोणत्याही धर्माच्या घरात सारखाच आहे. आमच्यासारख्या, एक तारखेला पगार घेणाऱ्या सरकारी नोकरांना तर तो जास्तच लागू आहे. पगार आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे, विमा आहे, तरी रात्री झोप येत नाही. रमाबाईंकडे यांपैकी काहीच नव्हते आणि खाणारी तोंडे दोन हजारांच्या घरात होती.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृतचे गाढे पंडित. बायकांनीही संस्कृत शिकावे असे त्यांचे ठाम मत होते. त्या काळी हे मत म्हणजे गुन्हाच. पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवायला सुरुवात केली तेव्हा लोकांचा विरोध झाला, म्हणून त्यांनी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात बिऱ्हाड केले. रमाबाई तिथेच जन्मल्या. त्या सहा महिन्यांच्या असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघाले, तेव्हा बाळाला वेताच्या पेटाऱ्यात ठेवून गड्याने डोक्यावरून नेले. त्यानंतर पुढची वीस वर्षे त्यांना कायमचे घर असे मिळालेच नाही. आई पहाटे शिकवी, वडील देवळात पुराण सांगत, आणि जे समोर येईल त्यावर कुटुंब चाले. लहान वयातच भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले होते.

पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. शास्त्रीबुवांनी होते नव्हते ते दानधर्मात, व्रतांत आणि अनुष्ठानांत घातले. घरात शिल्लक राहिले नाही. मोलमजुरीची सवय नाही, भीक मागायची लाज. शेवटी पाला खाऊन दिवस काढायची पाळी आली. थोड्याच काळात आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ही दोघे हजारो मैल पायी फिरली. शास्त्राने सांगितले ते सगळे करूनही देव धावून का आला नाही, हा प्रश्न त्या तरुण मुलीच्या मनात तेव्हा घर करून बसला. आपल्याला हे वाचताना टोचते. पण ज्या घरातली तीन माणसे उपासमारीने खंगून गेली, त्या मुलीला हा प्रश्न पडू नये असे म्हणणे सोपे नाही.

1878 मध्ये बहीणभाऊ कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा. मुलगी मनोरमा झाली, आणि 1882 मध्ये पती पटकीने गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी, मांडीवर लहान मूल घेऊन त्या पुण्याला आल्या. तिथे त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांच्या पाठिंब्याने आर्य महिला समाज काढला. हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन, बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात अशी मागणी केली.

डॉक्टरी शिकावी म्हणून 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. बहिरेपणामुळे ते जमले नाही. पण तिथे त्यांनी वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींचे काम पाहिले. ज्या बायकांना समाजाने टाकून दिले, त्यांना या भगिनी हात धरून उभे करत होत्या. येशूने शोमरोनी बाईशी केलेले संभाषण वाचल्यावर, देवाला बाई आणि बाप्या, उच्च आणि नीच असा भेद नाही याची त्यांना खात्री पटली. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाई तिथल्या धर्माधिकाऱ्यांच्या मुठीत गेल्या नाहीत. मांसाहार त्यांनी केला नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, असा त्यांनी आग्रह धरला. जे मनाला पटत नाही ते चर्च सांगते म्हणून मानायचे नाही, यावरून त्यांचे भगिनींशी खटके उडाले. देवाची आज्ञा पाळायची म्हणजे देवाच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येक माणसाची आज्ञा पाळायची नव्हे, हा फरक त्यांनी आयुष्यभर सांभाळला. पुण्याच्या शास्त्र्यांपुढेही आणि इंग्लंडच्या पाद्र्यांपुढेही.

1886 मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत राहून त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली. बोस्टनला त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली आणि उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे मदत द्यायचे त्या संस्थेने कबूल केले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. नाव सरस्वतीचेच ठेवले. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नातू ही बालविधवा होती. पुढे महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह करून ती आनंदीबाई कर्वे झाली. कर्व्यांचे काम आपण डोक्यावर घेतो, पण त्या घरातला दिवा कोणत्या ज्योतीवर लागला ते विसरतो.

1890 मध्ये सदन पुण्याला आले. रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करत. काही मुली आपणहून येऊन बसत. त्यांना घालवून द्यायला रमाबाईंनी नकार दिला. यावरून 1893 मध्ये पुण्यात मोठे वादळ झाले. केसरीने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घेता येते. आपल्या मुलीचा धर्म बदलेल ही पालकांची भीती खोटी नव्हती. दार लावून घेतले असते तर वाद मिटलाही असता. पण घरात देवाचे नाव लपूनछपून घ्यायचे, हे रमाबाईंना मान्य नव्हते. त्याची किंमत त्यांनी मोजली.

खरी कसोटी पुढेच होती. अमेरिकेची मदत दहाच वर्षांची, म्हणून त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळबाग लावायला घेतली होती. 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी ऐकली आणि त्यांना स्वतःचे दिवस आठवले. हातात पैसा नाही, पुण्यातली जागा अपुरी, तरी त्या निघाल्या. सुमारे तीनशे मुली आणि बायका घेऊन परतल्या. त्यातच पुण्यात प्लेगचे निर्बंध लागले. नव्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा सगळ्यांना केडगावच्या माळावर नेले. तंबू ठोकले, गवताची छपरे घातली. मुक्ती मिशनची सुरुवात ही अशी झाली. पुढे गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिथूनही शेकडो मुली आल्या आणि 1900 च्या सुमारास मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या जवळ गेली.

आमची नोकरी पाणीपुरवठ्याची असल्यामुळे आम्हाला पहिल्यांदा सुचतो तो पाण्याचा हिशेब. माणशी रोज 40 लिटर हा अगदी कमीत कमी आकडा धरला, तरी दोन हजार माणसांना 80 हजार लिटर पाणी लागते. गुरे आणि बांधकाम वेगळेच. दुष्काळाचे वर्ष, विहिरी मोजक्या, मोटारपंप नाही. रात्री विहिरीचा तळ दिसायचा आणि सकाळी पुन्हा दिवसापुरते पाणी साठलेले असायचे, असे त्या दिवसांविषयी सांगतात. कोणी याला चमत्कार म्हणेल, कोणी झऱ्याचा पाझर म्हणेल. आम्ही त्या वादात पडत नाही. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे, की पाणी पुरेल की नाही याचा हिशेब लागेपर्यंत रमाबाई थांबल्या नाहीत. आधी मुली आणल्या, मग विहिरी खणल्या.

आणि इथेच त्यांचा विश्वास नीट समजून घ्यायला हवा. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, अशातला तो विश्वास नव्हता. अमेरिकेची मुदत संपल्यावर त्यांनी ठरावीक उत्पन्नाची आशा सोडली. गरज पडेल ती देवापुढे मांडायची, हा नेम ठेवला. देशोदेशीच्या टपालाने कधी मोठी रक्कम येई, कधी दोनचार रुपये. पण प्रार्थना झाली की बाई कामाला लागत. मुक्तीत हातमाग होते, तेलाचा घाणा होता, गाईगुरे होती, शिवणकाम होते, छापखाना होता. शेतीत मुलीच राबत. अंध मुलींसाठी ब्रेलची शाळा होती, ती मनोरमाबाई पाहत. जी मुलगी आली तिला अक्षर आणि हाताला एक काम, दोन्ही मिळत असे. जेवणाला काय मिळेल हे देवावर, पण जमीन नांगरायची ती आपणच.

आपल्या हैदराबादशीही या कामाचे नाते आहे. 1912 च्या सुमारास रमाबाईंनी गुलबर्ग्याला शाळा काढली आणि मनोरमाबाईंनी ती चालवली. गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. मुलींच्या शिक्षणाची आबाळ असलेल्या त्या मुलखात ही शाळा म्हणजे मोठीच सोय होती.

शेवटची पंधरा-सोळा वर्षे रमाबाईंनी आणखी एक काम अंगावर घेतले. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबलाचे मराठी भाषांतर केले. ज्या बाईला भागवत पाठ होते तिला भारदस्त संस्कृतप्रचुर मराठी लिहिणे सहज जमले असते. पण त्यांनी खेड्यातल्या, नुकत्याच अक्षरओळख झालेल्या बाईला समजेल अशी साधी भाषा निवडली. खिळे जुळवण्याचे, छापण्याचे काम मुक्तीतल्या बायकांनीच केले.

1921 मध्ये मनोरमाबाई वारल्या. एकुलती एक मुलगी, आणि पुढे सगळा कारभार तिच्याच हाती जायचा होता. त्या धक्क्यानंतरही रमाबाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी केडगावला त्यांचे निधन झाले. भाषांतर पुरे झालेले होते. छापील ग्रंथ दोन वर्षांनी बाहेर आला. मुक्ती मिशन आजही केडगावला सुरू आहे.

रमाबाईंनी धर्म बदलला तो योग्य की अयोग्य, यावर आपल्या घरांत एकमत होणार नाही आणि व्हायलाच हवे असेही नाही. पण ज्या आजीला त्यांचे नाव खपत नसे, तिनेच हट्टाने आपल्या मुलींना शाळेत घातले आणि शिकल्याशिवाय त्यांची लग्ने होऊ दिली नाहीत. हा हट्ट तिच्यापर्यंत कुठून कुठून येऊन पोहोचला असेल, याचा विचार तिने केला नव्हता. आम्हीही तो उशिराच केला.

गेल्या मे महिन्यात गाडीने दौंड सोडले तेव्हा आम्ही सौभाग्यवतींना आणि मुलांना खिडकीशी बोलावून घेतले. केडगावची पाटी दिसली आणि मागे गेली, पुरते एक मिनिटही लागले नाही. मुलीने विचारले, इथे कोण राहत होते. पुणे येईपर्यंत आम्ही तिला हीच गोष्ट सांगितली, आणि पिशव्या मोजायच्या राहून गेल्या. काही हरवले नाही.

उत्सवाच्या दहा दिवसांत आपण विघ्नहर्त्याकडे बरेच काही मागतो. मागणे झाल्यावर समोरचे काम उचलायचे आणि उद्याचा भार त्याच्यावर सोडायचा, एवढे जमले तरी पुष्कळ झाले.