गोदातीरी गुरुपद ग्रंथास

गुरुपौर्णिमेच्या पुण्यदिनी आम्हांस शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंह यांचे स्मरण होते. जन्म पाटण्याचा, इ. स. १६६६ मधला. पित्याच्या बलिदानानंतर १६७५ मध्ये, कोवळ्या वयात, गुरुपद त्यांच्याकडे आले. १६९९ मध्ये आनंदपुरास पाच शिष्यांस अमृत देऊन त्यांनी ते त्यांच्याच हातून स्वतः घेतले. गुरूच शिष्य झाला. पुढे दोन पुत्र चमकौरच्या रणात पडले, धाकटे दोघे सरहिंदेस मारले गेले. श्रद्धा ढळली नाही. १७०८ मध्ये नांदेडास, गोदातीरी, देह ठेवताना त्यांनी गुरुपद कोणा व्यक्तीस न देता ग्रंथसाहेबास अर्पिले. त्या ग्रंथात आमच्या नामदेवरायांची ६१ पदे आहेत. तेथे मस्तक ठेवताना आम्हांस पंढरीच्या नामदेव पायरीचीच आठवण झाली.