मेमरीचा हिशोब प्रोग्रॅमरच्या हाती देणारे डेनिस रिची
स्टीव्ह जॉब्स गेले आणि आठवडाभरात, १२ ऑक्टोबर २०११ रोजी, डेनिस रिची घरात मृतावस्थेत आढळले. त्यांची बातमी मात्र कोपऱ्यातच राहिली. १९४१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात जन्मलेल्या रिचींनी बेल लॅब्समध्ये १९७२ च्या सुमारास 'सी' भाषा घडवली. तिच्यात साध्या अ‍ॅरेची लांबी आधीच ठरवावी लागते. शंभर नावांची जागा ठेवली आणि एकशे एकावं आलं तर? त्यासाठी 'मॅलॉक'. प्रोग्रॅम चालू असतानाच हवी तेवढी जागा मागायची, काम झालं की 'फ्री'ने परत करायची. विसरलात तर सी टोकत नाही, मेमरी अडकून पडते. १९७८ मध्ये ब्रायन कर्निहन यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तकात हे मेमरीवाटप आतून कसं चालतं, तेही कोडसकट उलगडलंय. आपल्या अँड्रॉइड फोनमधला लिनक्स कर्नल आजही मुख्यतः सीमध्येच आहे.