तंबाखूच्या कारखान्यातून वेदीपर्यंत



सकाळच्या पहिल्या मिस्साला वेदीवर सेवा करणारी आपली मुले आपण नेहमी पाहतो. झगा थोडा मोठा, डोळ्यांत झोप, पण घंटा वाजवताना हात अगदी सावध. आज आम्ही अशाच एका वेदीसेवकाची ओळख करून देत आहोत. मिस्सा आटोपली की हा मुलगा थेट तंबाखूच्या कारखान्यात कामाला जाई. त्याचे नाव ऑगस्टिन टोल्टन. घरी सगळे त्याला गस म्हणत.

गसचा जन्म १ एप्रिल १८५४ रोजी अमेरिकेच्या मिसुरी राज्यात झाला. त्याचे आईवडील, मार्था आणि पीटर, हे दोघेही गुलाम होते. एलियट हे मार्थाचे मालक कुटुंब कॅथलिक होते. त्यांनी आपल्या गुलामांच्या मुलांना बाप्तिस्मा देवविला. गसची धर्ममाता झाल्या त्या स्वतः मालकीणबाई. त्याच हातांनी बाळाला बाप्तिस्म्यासाठी धरायचे आणि त्याच बाळाला आपली मालमत्ताही समजायचे, हे आज आपल्याला उमगत नाही. त्या काळी पुष्कळ भाविक माणसांना त्यात काही वावगे दिसत नव्हते, हे मात्र लपवून चालणार नाही. त्या राज्यात कृष्णवर्णीयांना लिहायला-वाचायला शिकवण्यास १८४७ पासून कायद्यानेच बंदी होती. त्यामुळे प्रार्थना शिकायच्या त्या आईच्या तोंडून.

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. वडील उत्तरेच्या सैन्यात सामील होण्यासाठी निघून गेले आणि युद्धकाळातच वारले. १८६२ मध्ये मार्थाने चार्ली, गस आणि तान्ही अॅन या तिन्ही मुलांना घेऊन मालकाचे घर सोडले. ऑगस्टिन पुढे जी हकीकत सांगत, त्यानुसार नदीकाठी दक्षिणेच्या सैनिकांनी त्यांना अडवले आणि उत्तरेच्या सैनिकांनी सोडवले. मग एका होडीतून आईने स्वतः वल्ही मारत मिसिसिपी नदी ओलांडली. पलीकडे इलिनॉय राज्य होते, आणि तिथे गुलामी नव्हती.

क्विन्सी गावात हे कुटुंब स्थिरावले. आई आणि दोन्ही मुलगे तंबाखूच्या कारखान्यात लागले. गस तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा होता. आधी पानांचे देठ काढायचे, मोठे झाल्यावर चिरूट वळायचे. त्याच सुमारास चार्ली न्यूमोनियाने गेला. मोठा मुलगा गेला, नवरा आधीच गेलेला. मार्थाने पदरच्या दोघांना घेऊन कामही सोडले नाही आणि देऊळही सोडले नाही.

हिवाळ्यात कारखाना काही महिने बंद असे. त्या दिवसांत गसने शिकावे असे आईला वाटे. जर्मन भाविकांच्या संत बोनिफेस धर्मग्रामाच्या शाळेत त्याला घातले, पण गोऱ्या पालकांनी गदारोळ केला, धमक्या दिल्या. महिनाभरातच आईला मुलाला काढून घ्यावे लागले. त्यानंतर आयरिश धर्मगुरू फादर पीटर मॅकगर यांनी त्याला आपल्या संत पीटरच्या शाळेत घेतले. तक्रारी तिथेही आल्याच. फादर मागे हटले नाहीत. इतर मुलांपेक्षा वयाने मोठा असा हा मुलगा बाकावर बसून अक्षरे गिरवू लागला.

गसची किशोरवयातील वर्षे अशी गेली: पहाटे वेदीसेवा, दिवसभर तंबाखू, हिवाळ्यात शाळा, उरलेल्या वेळात पुस्तक. त्याचा आवाज गोड होता, पाठांतर चांगले होते. आईबरोबर राहत असताना त्याच्या मनात एकच इच्छा घर करून बसली, ती म्हणजे धर्मगुरू व्हायचे. फादर मॅकगर यांनी हे पाचारण ओळखले. परंतु अमेरिकेतील एकही सेमिनरी कृष्णवर्णीय तरुणाला प्रवेश द्यायला तयार नव्हती. (हिली नावाचे मिश्र वंशाचे भाऊ त्याआधी धर्मगुरू झाले होते, पण समाज त्यांना आयरिश गोरेच समजत असे. गसला तसा आडोसा नव्हता.) पत्रे जात राहिली, नकार येत राहिले. आम्हांला या काळाचे विशेष वाटते, कारण येथे कोणताही चमत्कार घडत नाही. सोळावे वर्ष सरते, विसावे सरते आणि गस अजून कारखान्यातच असतो. दरम्यान गावातील धर्मगुरू सवडीप्रमाणे त्याला लॅटिन व इतर विषय शिकवत. फ्रान्सिस्कन कॉलेजातही त्याला शिकता आले. शिवाय रविवारी तो कृष्णवर्णीय मुलांना धर्मशिक्षण देई.

शेवटी फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या खटपटीने रोमचे दार उघडले. १८८० मध्ये, सव्विसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तो प्रोपागांडा कॉलेजात दाखल झाला. तेथे जगभरचे विद्यार्थी होते. मिशनकार्यासाठी आपल्याला आफ्रिकेला पाठवतील अशी त्याची खात्री होती. २४ एप्रिल १८८६ रोजी, पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या दिवशी, लॅटरन महामंदिरात त्याला गुरुदीक्षा मिळाली. आफ्रिकेचा विचार मात्र ऐनवेळी बदलला होता. ज्या देशाने त्याला सेमिनरीत जागा दिली नाही, त्याच देशात परत जाण्याची आज्ञा झाली.

त्या जुलैत फादर ऑगस्टिन क्विन्सीला परतले तेव्हा हजारो लोक स्वागताला लोटले. गावातली त्यांची पहिली मिस्सा झाली ती संत बोनिफेसच्या देवळात. शाळेतून काढून घेतलेल्या मुलाची आई त्या दिवशी त्याच देवळात बसली होती. त्या क्षणी मार्थाच्या मनात काय आले असेल, हे आपल्या धर्मग्रामातील आया आमच्यापेक्षा चांगले जाणतील.

पुढचे दिवस सोपे नव्हते. गोरे भाविकही त्यांच्या प्रवचनाला येऊ लागले, हे शेजारच्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंना खपले नाही. १८८९ मध्ये फादर शिकागोला गेले. आई आणि बहीण त्यांच्यामागोमाग तिथे गेल्या. गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी संत मोनिकाचे देऊळ उभारायला घेतले. पैसे कधीच पुरले नाहीत, बांधकाम अर्धवट असतानाच १८९४ मध्ये तिथे मिस्सा होऊ लागली. फादर घरोघर, आजाऱ्यांकडे फिरत राहिले.

९ जुलै १८९७ रोजी धर्मगुरूंच्या तपसाधनेहून परतताना, शिकागोच्या भयंकर उन्हात ते रस्त्यावर कोसळले. त्याच रात्री इस्पितळात त्यांचे निधन झाले. वय अवघे ४३. आई आणि बहीण जवळ होत्या. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना क्विन्सीला, संत पीटरच्या दफनभूमीत पुरण्यात आले.

जून २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना 'पूजनीय' म्हणून घोषित केले. त्याआधी, डिसेंबर २०१६ मध्ये, संतपदाच्या प्रक्रियेसाठी त्यांची कबर उघडण्यात आली. अवशेषांना नवी पूजावस्त्रे चढवून ते पुन्हा त्याच जागी ठेवण्यात आले. तिथून मिसिसिपी नदी फार लांब नाही.