अल्बर्ट एलिस
अल्बर्ट एलिस (जन्म : २७ सप्टेंबर, १९१३, पिट्सबर्ग, मृत्यू : २४ जुलै, २००७, न्यूयॉर्क) हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीचे जनक होते. चिंता व नैराश्य यांवर आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या बोधात्मक वर्तनोपचाराच्या आद्य प्रवर्तकांत ॲरन बेक यांच्यासह त्यांची गणना होते.

बालपणी मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना अनेक महिने रुग्णालयात काढावे लागले. आईवडील क्वचितच भेटीस येत. पुढे ते अतिशय लाजाळू झाले. वयाच्या १९ व्या वर्षी ही भीती घालविण्यासाठी त्यांनी न्यूयॉर्कमधील वनस्पती उद्यानात बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी महिनाभर नेमाने संभाषण सुरू केले. सुमारे १३० जणींपैकी ३० लगेच उठून गेल्या. उरलेल्यांपैकी एकीनेच पुन्हा भेटण्याचे कबूल केले, आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली. त्यांच्या उपचारपद्धतीचे बीज या फसलेल्या खटाटोपात आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

वाणिज्य शाखेची पदवी घेतलेल्या एलिस यांनी १९४७ साली कोलंबिया विद्यापीठातून चिकित्सा मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. मनोविश्लेषणाने रुग्णाला भूतकाळ उमगतो, पण वर्तमान बदलत नाही, असे त्यांना आढळले. १९५५ च्या सुमारास त्यांनी नवी पद्धती मांडली. घटना नव्हे, तर घटनेविषयीची आपली धारणा भावना घडविते, हे तिचे सूत्र. त्यासाठी ते ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस यांचे ऋण मानीत. दुराग्रही मागणी हे अस्वास्थ्याचे मूळ होय, असे ते प्रतिपादन करीत. मराठीत ही मागणी एका 'च'मध्ये मावते : 'मला यश मिळावे' ही इच्छा, 'मला यश मिळालेच पाहिजे' हा हट्ट. रुग्णाने तो 'च' शोधावा, त्यास पुरावा मागावा आणि नव्या धारणेनुसार प्रत्यक्ष वागून पाहावे, हा उपचाराचा क्रम.

१९५९ साली त्यांनी न्यूयॉर्क येथे संस्था स्थापन केली. तेथील शुक्रवारच्या जाहीर सत्रांत ते श्रोत्यांपैकी स्वेच्छेने पुढे येणाऱ्यांशी सर्वांसमक्ष संवाद साधीत. उपचार शिकू इच्छिणाऱ्यांना हीच पाठशाळा ठरली. 'रीझन अँड इमोशन इन सायकोथेरपी' (१९६२) हा त्यांचा प्रमुख ग्रंथ. अखेरच्या वर्षांत संस्थेच्याच विश्वस्त मंडळाने त्यांना दूर केले. २००६ मध्ये न्यायालयाने त्यांचे स्थान परत दिले.

महाराष्ट्रात प्रा. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ही पद्धती आत्मसात केली आणि अनेक विद्यार्थ्यांना शिकविली. अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही मराठी कादंबरी त्यांच्या जीवनावर आधारलेली आहे.